घरपट्टीची फेरआकारणी : नोटीस आली तर घाबरू नका, मुदतीत हरकत घ्या

फेरआकारणीचं वर्ष आलं की नगरपरिषदेचे कागद घेऊन पालक आमच्याकडे शाळेत येतात. मागच्या वेळी एक आई दुपारच्या सुट्टीत आल्या. हातात घडी घातलेली नोटीस होती. खाली छापलं होतं, ‘हरकती मागविण्यात येत आहेत.’ त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘टीचर, हमने क्या हरकत की?’

त्यांची चूक नव्हती. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, कधी खोडी किंवा गैरवर्तन. मराठी दफ्तरात हरकत म्हणजे एतराज. म्हणजे ज्या ओळीत नगरपरिषद त्यांना विचारत होती की ‘तुम्हाला हे मान्य नसेल तर सांगा’, त्याच ओळीत त्यांना स्वतःवरचा आरोप दिसला. कागद पंधरा दिवस कपाटात पडून होता. मालक आखातात नोकरीला, सासरे वारलेले, आणि नोटीस अजूनही सासऱ्यांच्याच नावाने.

अशी घरं आपल्यात खूप आहेत. म्हणून फेरआकारणी म्हणजे काय, आकडा कसा निघतो आणि आपण कुठे बोलू शकतो, हे इथे एकत्र मांडतो आहोत.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा

फेरआकारणीची नोटीस म्हणजे बिल नाही. नगरपरिषद किंवा महापालिका म्हणते, ‘तुमच्या घराचं मूल्य आम्ही इतकं धरलं आहे. मान्य आहे का?’ या प्रश्नाला ठरावीक दिवसांत लेखी उत्तर दिलं नाही, तर मान्य आहे असं धरलं जातं. मग तोच आकडा यादीत कायम होतो आणि पुढची काही वर्षं त्यावरच कर निघतो. बिल हातात आल्यावर खिडकीवर जाऊन भांडण्यापेक्षा नोटिशीला वेळेवर दिलेला अर्धा पानाचा अर्ज जास्त कामाचा असतो.

फेरआकारणी कधी आणि का होते

रत्नागिरी, चिपळूण, महाड, खेड अशा गावांचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 या कायद्याने चालतो. मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांना, म्हणजे भिवंडी, मालेगाव, सोलापूर, ठाणे वगैरेंना, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. मुंबईचा 1888 चा स्वतंत्र कायदा आहे.

नगरपरिषदांत आकारणीची यादी साधारण दर चार वर्षांनी नव्याने केली जाते. म्हणून नोटिशीवर ‘चतुर्थ वार्षिक करमूल्यांकन’ असे शब्द दिसतात. चार वर्षांत गावात नवी घरं होतात, जुन्यांवर मजले चढतात, पुढच्या खोलीत दुकान निघतं, भाड्याचे दर बदलतात. यादी त्याप्रमाणे जुळवून घेणं हा फेरआकारणीचा हेतू. मधल्या काळातही नवं बांधकाम किंवा वापरातला बदल दिसला तर तेवढ्या घराची नोंद बदलता येते.

कामाचा क्रम असा असतो:

1. मोजणी करणारी माणसं घरोघर येतात. आता हे काम बरेचदा खासगी एजन्सीकडे असतं आणि उपग्रह किंवा ड्रोनच्या नकाशाचाही आधार घेतात.
2. गावाचे विभाग पाडून प्रत्येक विभागासाठी बांधकामाच्या प्रकारानुसार दर ठरतात.
3. प्रारूप यादी तयार होते आणि कार्यालयात पाहायला ठेवली जाते.
4. जाहीर सूचना निघते. ज्यांचं मूल्य वाढलं किंवा नव्याने लागलं त्यांना स्वतंत्र नोटीस मिळते.
5. मुदतीत आलेल्या हरकतींवर सुनावणी होते. नगरपरिषदेत हे काम नगररचना विभागाच्या प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याकडे असतं.
6. दुरुस्त्या करून अंतिम यादी प्रमाणित होते आणि त्यावरून बिलं निघतात.

सामान्य माणसाचा आवाज पाचव्या पायरीवर ऐकला जातो. सहाव्या पायरीनंतर तीच गोष्ट सांगायला जास्त वेळ आणि जास्त पैसा लागतो.

आकडा कसा निघतो

बहुतेक नगरपरिषदा आणि अनेक महापालिका ‘वार्षिक भाडेमूल्य’ धरतात. तुमचं घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला वाजवी भाडं किती आलं असतं, असा हा हिशेब. तुम्ही स्वतः राहत असलात तरी हिशेब असाच होतो. त्यातून दुरुस्तीसाठी 10 टक्के वजा केले की राहतं ते ‘करयोग्य मूल्य’. त्यावर कराची टक्केवारी लागते.

समजा घराचं क्षेत्रफळ 60 चौरस मीटर आहे आणि तुमच्या विभागात तशा बांधकामाला महिन्याला चौरस मीटरमागे 12 रुपये दर धरला.

महिन्याचं भाडं : 60 × 12 = 720 रुपये
वर्षाचं भाडं : 720 × 12 = 8,640 रुपये
10 टक्के वजा : 864 रुपये
करयोग्य मूल्य : 7,776 रुपये
सगळे कर मिळून समजा 30 टक्के : 2,332 रुपये 80 पैसे

आता मोजणी करणाऱ्याने मागची पत्र्याखालची 15 चौरस मीटर पडवी पक्की खोली म्हणून मोजली. क्षेत्रफळ झालं 75. त्याच दराने करयोग्य मूल्य होतं 9,720 आणि कर 2,916 रुपये. वर्षाला 583 रुपये 20 पैसे जास्त. ही रक्कम लहान वाटते. पण चार वर्षं धरली तर 2,332 रुपये 80 पैसे होतात, म्हणजे बरोबर एका वर्षाचा पूर्ण कर जादा गेला. एका पडवीच्या चुकीची ही किंमत.

आमच्या स्वतःच्या घरी हेच झालं होतं. मोजणीवाले आले तेव्हा घरात म्हातारी अम्मी एकट्या. त्यांनी दार उघडलं, चहा दिला आणि कागदावर अंगठा केला. पडवी खोली होऊन यादीत गेली. नोटीस आल्यावर आम्ही टेप घेऊन घर मोजलं, पाटीवरच्या कागदावर साधा नकाशा काढला, चार फोटो जोडले आणि मुदतीत अर्ज दिला. सुनावणीला पाच मिनिटं लागली. पडवी वेगळ्या, कमी दराने धरली गेली. शेजारच्या घराची चूक आमच्यापेक्षा मोठी होती, पण ते बिल आल्यावर गेले. त्यांना बराच काळ फेऱ्या माराव्या लागल्या.

मूल्य वेगळं, टक्केवारी वेगळी

सुनावणीत पुष्कळ लोक ‘एवढी घरपट्टी कुठून भरायची’ असं सांगत बसतात. अधिकारी ऐकून घेतात, पण त्यावर त्यांच्या हातात काही नसतं. कराची टक्केवारी नगरपरिषद किंवा महापालिका ठराव करून ठरवते. त्यावर बोलायचं तर नगरसेवकाकडे, तेही अंदाजपत्रकाच्या आधी. सुनावणीत फक्त मूल्य तपासलं जातं: क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, वय, विभाग. आपलं म्हणणं या पाच गोष्टींत बसवलं तरच त्याचा उपयोग होतो.

आणखी एक. बिलातला सगळा पैसा नगरपरिषदेचा नसतो. सामान्य कर, वृक्ष कर, अग्निशमन कर, पाण्याशी आणि सांडपाण्याशी संबंधित कर स्थानिक असतात. शिक्षण कर राज्य शासनाचा असतो, नगरपरिषद तो फक्त गोळा करते. रोजगार हमी कर हा बिगरनिवासी वापराला लागतो. तुम्ही फक्त राहता आणि बिलात रोजगार हमी कर दिसतो, तर समजा की घराची किंवा एखाद्या खोलीची नोंद व्यापारी म्हणून झाली आहे. लगेच विचारणा करा.

मुंबई आणि पुण्याचे नियम

मुंबईत 1 एप्रिल 2010 पासून भांडवली मूल्यावर कर आहे. तिथे भाड्याऐवजी रेडी रेकनरमधली किंमत धरतात आणि तिला क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार व वय यांचे गुणांक लावतात. हे मूल्य पाच वर्षांनी सुधारायचं असतं. या पद्धतीचे काही नियम उच्च न्यायालयाने रद्द केले आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. पद्धत मात्र चालू राहिली. मुंबई महापालिकेच्या हद्दीत 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. मुंब्रा, भिवंडी, मिरा रोडचे नातेवाईक हीच माफी आपल्यालाही आहे असं धरून बिल बाजूला ठेवतात. ही माफी दुसऱ्या शहरात आपोआप लागू होत नाही. आपल्या महापालिकेत सवलत आहे का ते तिथेच विचारायचं.

पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकाला करात 40 टक्के सवलत आहे. 1970 पासूनची ही सवलत मध्यंतरी बंद झाली होती आणि 2023 मध्ये राज्य शासनाच्या निर्णयाने पुन्हा सुरू झाली. ज्यांची सवलत निघाली होती त्यांना पीटी-3 नावाचा अर्ज आणि स्वतः राहत असल्याचा पुरावा द्यावा लागला. अर्ज न देणाऱ्यांना जास्तीचं बिल येत राहिलं. सवलत जाहीर झाली तरी कागद दिल्याशिवाय ती घरात येत नाही, हे सगळ्याच शहरांनी यातून घ्यावं.

नोटिशीत काय तपासायचं

*क्षेत्रफळ.* टेप घेऊन स्वतः मोजा. 1 चौरस मीटर म्हणजे सुमारे 10.76 चौरस फूट. मोकळं अंगण, पडवी, जिना, गच्ची कशी धरली आहे ते पाहा. मोजणी पत्रकाची नक्कल मागा. साध्या अर्जावर मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून मागता येते, आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. पण हरकतीची मुदत त्यासाठी थांबत नाही. हरकत आधी द्या, नक्कल मागाहून जोडा.

*वापर.* पुढच्या खोलीत किराणा दुकान, शिलाईचं काम किंवा मालेगाव-भिवंडीत असतात तसे माग असतील, तर तेवढ्याच भागाला बिगरनिवासी दर लागायला हवा. पूर्ण घर व्यापारी धरलं असेल तर खोल्या वेगळ्या मोजून मागा. दुकान बंद झालं असेल तर तेही लेखी कळवा. यादीत ते आपोआप बंद होत नाही.

*बांधकामाचा प्रकार आणि वय.* आरसीसी, दगड-विटांचं, मातीचं, पत्र्याचं यांचे दर वेगळे असतात. जुन्या घराला दर कमी असतो. आजोबांनी बांधलेल्या मातीच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की मोजणीवाला ते नवं घर समजतो. जुनी पावती किंवा जुना असेसमेंट उतारा इथे कामाला येतो.

*भाडेकरू.* घर बंद आहे, स्वतः राहतो की भाड्याने दिलं आहे, हे खरं लिहिलेलं असू द्या. भाडेकरू निघून गेला तरी नोंद राहते आणि जास्त दर लागत राहतो.

*नाव.* महंमद, मोहम्मद, मुहम्मद, शेख, शेक, खातून, खातुन. मोजणीवाला ऐकतो तसं लिहितो. आधार, मालमत्ता पत्रक आणि घरपट्टी यांत तीन वेगळी नावं झाली की पुढे कर्ज, विक्री, वारसनोंद सगळीकडे अडतं. आकड्याबरोबर नावाची दुरुस्तीही याच अर्जात मागा.

*दुबार नोंद.* एकाच घराची दोन क्रमांकांवर नोंद झाली तर दोन बिलं येतात आणि एक थकत जातं. नवीन घर क्रमांक मिळताना हे विशेष होतं.

घर अजून मरहूम आजोबांच्या नावावर आहे का?

घरपट्टीच्या यादीत नाव असणं हा मालकीचा पुरावा नाही. कर कोणाकडून घ्यायचा यासाठी ती नोंद असते. मालकी खरेदीखत, मालमत्ता पत्रक, वारसा यांवरून ठरते. हे दोन्ही बाजूंनी समजून घ्या. पावती आपल्या नावावर आहे म्हणून भाऊ एकटा मालक होत नाही, आणि नाव नाही म्हणून बहिणीचा हिस्सा जात नाही. तो हिस्सा शरियतने ठरवून दिलेला आहे.

तरीही नावाची नोंद महत्त्वाची आहे, कारण नोटीस त्या नावाने निघते. वारलेल्या माणसाच्या नावाची नोटीस घरात कोणी आपली मानत नाही. मोठा भाऊ म्हणतो धाकटा बघेल, धाकटा म्हणतो पावती तर दादाकडे असते. मुदत तशीच निघून जाते. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि लागतील ती संमतीपत्रं देऊन नोंद करून घ्या. आणि करताना सगळ्या वारसांची नावं लावा, अम्मी आणि बहिणींचीही. ‘बहिणी कुठे येणार आहेत कचेरीत’ म्हणून फक्त मुलांची नावं लावायची पद्धत आपल्यात पडली आहे. वीस वर्षांनी घर विकायला निघतं तेव्हा तिथूनच भांडण सुरू होतं.

हिबा झाला असेल तर त्याचा लेखी कागद करून ठेवा. तोंडी हिब्यावर कचेरीत नाव बदलून मिळणं कठीण जातं.

हरकत कशी घ्यायची

मुदत नोटिशीवर छापलेली असते. नगरपरिषदेत ती साधारण 30 दिवसांची असते, महापालिकांच्या विशेष नोटिशीवर 15 किंवा 21 दिवस दिसतात. नोटीस ज्या दिवशी मिळाली ती तारीख पाकिटावर लगेच लिहून ठेवा. अर्ज साध्या मराठीत चालतो. नमुना असा:

‘मा. मुख्याधिकारी यांस. विषय : घर क्रमांक ___ च्या करमूल्यांकनाबाबत हरकत. आपली दिनांक ___ ची नोटीस मला दिनांक ___ रोजी मिळाली. नोटिशीत क्षेत्रफळ 75 चौ.मी. दाखवले आहे. प्रत्यक्षात राहती जागा 60 चौ.मी. असून 15 चौ.मी. पत्र्याची उघडी पडवी आहे. सोबत नकाशा, फोटो व जुना उतारा जोडला आहे. कृपया फेरमोजणी करून मूल्य दुरुस्त करावे व मला सुनावणीची संधी द्यावी.’

महापालिका असेल तर अर्ज आयुक्तांच्या नावे. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का व तारीख घ्या. शिक्का नसेल तर अर्ज दिला होता हे पुढे सिद्ध करता येत नाही. मालक परदेशात असेल तर बायको, मुलगा किंवा भावाच्या नावे सहीचं अधिकारपत्र मागवून ठेवा. सुनावणीला एकजण गेलं तरी चालतं, पण जायला हवं. गैरहजर राहिलात तर कागदावरच निर्णय होतो.

निर्णय पटला नाही तर

नगरपरिषदेत पुढे मालमत्ता कर अपील समिती आहे. महापालिकेत न्यायालयात अपील करता येतं, पण त्याआधी आयुक्तांकडे तक्रार करून तिचा निकाल झालेला असावा लागतो आणि वादातली रक्कम भरावी लागते. म्हणजे ज्याने मुळात हरकतच घेतली नाही, त्याची पुढची वाटही बंद होते. अपिलाची मुदत थोड्या दिवसांची असते, तेव्हा आदेश हातात पडला की वकिलाला त्याच आठवड्यात दाखवा.

‘वाद चालू आहे’ म्हणून भरणा थांबवू नका. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती चढते. वर्षाला 24 टक्के झाले. रक्कम भरा आणि सोबत ‘हरकतीचा हक्क राखून भरणा करीत आहे’ असं पत्र द्या. मूल्य कमी झालं तर जादा रक्कम पुढच्या बिलात वळती करून मागता येते.

विनापरवाना बांधकाम असेल तर वेगळी शास्ती लागू शकते. आणि त्याची घरपट्टी भरली म्हणून ते बांधकाम कायदेशीर होत नाही. एजंट तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

मशीद आणि वक्फच्या जागेबद्दल

हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून थोडक्यात. केवळ सार्वजनिक इबादतीसाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीला सामान्य करातून सूट असते. पण मशिदीच्या खालच्या मजल्यावर भाड्याने दिलेली दुकानं असतील तर त्या भागाला सूट नाही, भाडं मशिदीच्याच कामाला जात असलं तरी. वक्फच्या जमिनीवर तुमचं राहतं घर असेल तर जागा वक्फची आहे एवढ्यावरून घरपट्टी माफ होत नाही. ट्रस्टींनी फेरआकारणीत नमाजची जागा आणि दुकानं वेगळी मोजून घ्यावीत.

शेवटी

मुदत, हुकूम, नक्कल, अर्ज, रक्कम, वसुली, वारस, दाखला, तारीख. नगरपरिषदेच्या कागदावरचे हे शब्द आपल्या घरात रोज बोलले जातात. आपल्याला अडवणारे शब्द मोजकेच आहेत: करयोग्य मूल्य म्हणजे ज्यावर टॅक्स लागतो ती रक्कम, भोगवटादार म्हणजे कब्जात राहणारा, शास्ती म्हणजे दंड, आणि हरकत म्हणजे एतराज.

त्या आईंच्या नोटिशीची मुदत संपायला तेव्हा चौदा दिवस होते. सातवीत शिकणाऱ्या मुलीने वहीच्या कागदावर घराचा नकाशा काढला, अर्जही तिनेच लिहिला, आम्ही फक्त तपासला. आईंनी आवक शिक्का घेतलेली प्रत दाखवायला आणली, तेव्हा सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखलाही सोबत होता. वारसनोंदीचा अर्ज कुठे द्यायचा, हे त्यांना विचारायचं होतं.